लुगर हातात घेतलं की आधी त्याचं रूट कार्ड वाचा

माझी पहिली नोकरी भोसरीतल्या एका टूलरूममध्ये. तिथून हीट ट्रीटमेंटला गेलो आणि शेवटची आठ वर्षं ब्लॅकोडायझिंगची, म्हणजे पोलादाला काळा रंग चढवायची, टाकी माझ्या ताब्यात होती. कॉस्टिक सोडा, नायट्रेट, १४० अंश तापमान, आणि एप्रन बांधूनही दर दोन महिन्यांनी एका पँटची चाळण. १९९८ साली पेनसिल्व्हेनियात आलो आणि इथं मला पहिल्या महायुद्धातल्या जर्मन लुगर पिस्तुलांचा नाद लागला.

टाकीचं मुद्दाम सांगितलं. कारण २००९ साली ॲलनटाऊनच्या एका गन शोमध्ये १,९०० डॉलर मोजून मी जे १९१६ सालचं लुगर घेतलं, ते कुणीतरी तसल्याच टाकीत बुडवून काढलेलं होतं. आठ वर्षं जिच्या वाफा नाकात घेतल्या, तिचाच रंग मला ओळखता आला नाही. विकणारा म्हणाला, "ओरिजिनल फिनिश, नव्वद टक्के." मीही त्या काळ्या चकाकीवर भाळलो. घरी येऊन ग्रिप (मुठीवरची दोन लाकडं) काढल्या, मॅगझिनच्या, म्हणजे काडतुसांच्या पेटीच्या, खोबणीत टॉर्च मारला आणि मटकन खुर्चीत बसलो.

तेव्हापासून जे शिकलो ते इथं लिहितो. अमेरिकेत संग्रह करणारे आपले बरेच लोक आहेत आणि दर दिवाळीला कुणीतरी फोटो पाठवून विचारतं, "काका, हे खरं आहे का?" भारतातल्या वाचकांनी हे वस्तुसंग्रहालयातल्या काचेपलीकडून वाचावं. तिकडे १९५९ चा शस्त्र कायदा आहे आणि परवान्याशिवाय हा नाद परवडणारा नाही. अमेरिकन कायद्यातही १८९८ नंतर बनलेलं पिस्तूल 'अँटीक' धरत नाहीत. लुगर त्यामुळे पन्नास वर्षांहून जुन्या 'क्युरिओ अँड रेलिक' गटात येतं. बोलताना सगळेच अँटीक म्हणतात, मीही म्हणतो.

टूलरूममध्ये प्रत्येक जॉबबरोबर एक रूट कार्ड फिरायचं. आधी टर्निंग, मग मिलिंग, मग हार्डनिंग, ग्राइंडिंग, नंबर पंच, शेवटी काळं करणं. कार्ड हरवलं तरी अनुभवी माणूस जॉब उलटसुलट करून सांगायचा की कोणतं काम आधी झालं आणि कोणतं नंतर. पंचाच्या खड्ड्यात काळं आहे? मग पंच आधी. खड्डा चकचकीत आहे? मग पंच नंतर. जुनं पिस्तूल तपासायचं ते याच पद्धतीनं. रंग किती सुंदर आहे हा प्रश्नच चुकीचा. कामं कोणत्या क्रमानं झाली आणि तो क्रम कारखान्याचा आहे का, एवढंच बघायचं. पुन्हा रंगवणारा माणूस कितीही कसबी असला तरी हा क्रम कुठंतरी मोडतोच.

आधी हात सुरक्षित. मॅगझिन काढा, टॉगलच्या (वरच्या, गुडघ्यासारख्या दुमडणाऱ्या सांध्याच्या) दोन्ही गोल मुठी धरून मागं-वर ओढा, चेंबरमध्ये, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागी, डोळ्यांनी बघा, मग करंगळी घालून बघा. टॉगलच्या पुढच्या बाजूला एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे काडतूस ओढून काढणारा आकडा, असतो. चेंबरमध्ये काडतूस असेल तर तो वर उचललेला राहतो आणि त्याच्या डाव्या अंगावर 'गेलाडेन', म्हणजे 'भरलेलं', हा शब्द दिसतो. आणि एक गोष्ट बऱ्याच जुन्या खेळाडूंनाही माहीत नसते. लुगरचा वरचा भाग फ्रेमवरून, म्हणजे मुठीच्या सांगाड्यावरून, उतरवून हातात घेतला, तरी चेंबरमध्ये काडतूस असेल तर ते उडू शकतं. गोळी सोडणारी पट्टी, सीअर बार, वरच्या भागाच्या बाहेरच्या अंगाला असते. बोट तिच्यावर दाबलं गेलं की संपलं. म्हणून खोलण्याआधी दोनदा बघायचं, लाजायचं नाही.

आता साल. साल कळल्याशिवाय कुठल्याही खुणेला अर्थ नाही, कारण कारखान्यानं पद्धतच बदलली होती. जर्मन लष्करानं हे पिस्तूल १९०८ मध्ये स्वीकारलं, म्हणून नाव पी.०८. (स्विस १९०० मध्येच पुढं गेले होते, जर्मन नौदल १९०४ मध्ये.) पहिल्या महायुद्धापर्यंतची पिस्तुलं दोन ठिकाणची: बर्लिनची डीडब्ल्यूएम, जिच्या टॉगलवर ही तीन अक्षरं एकमेकांत गुंफलेली दिसतात, आणि एरफुर्टचा सरकारी कारखाना, ज्याच्या टॉगलवर मुकुट आणि खाली 'एरफुर्ट'. १९१० पासून चेंबरच्या माथ्यावर साल कोरलेलं असतं. १९३० मध्ये यंत्रसामग्री ओबर्नडॉर्फच्या माउझरकडे गेली. तिथल्या टॉगलवर पुढं 'एस/४२', मग नुसतं '४२', मग 'बीवायएफ' असे सांकेतिक शिक्के आले.

या सगळ्यात मोलाचं साल १९३७. त्याआधीची लुगरं गंज-ब्लूइंगची, म्हणजे गंजातून निळा-काळा रंग चढवलेली. लोखंडावर सौम्य आम्लाचा हात फिरवायचा, दमट पेटीत मुद्दाम गंज चढू द्यायचा, मग पाण्यात उकळायचं. तांबडा गंज उकळीत काळा होतो. वरची काजळी तारेच्या ब्रशनं काढायची आणि हे सगळं पुन्हा, पुन्हा, पुन्हा. असा रंग मखमली निळा दिसतो, डोळ्यात घुसत नाही. १९३७ च्या मध्यावर माउझरनं हे सोडून क्षाराची टाकी धरली, म्हणजे आपलं भोसरीचं ब्लॅकोडायझिंगच. हा रंग काळपट, चमकदार, आणि मुख्य म्हणजे तो सगळीकडे जातो. टाकीत बुडवलेल्या वस्तूचं आत आणि बाहेर असं काही राहत नाही.

माझं १९१६ चं पिस्तूल फसलं ते इथंच. त्या सालच्या पिस्तुलाला ब्लूइंग बाहेरून केलेलं असतं. फ्रेमच्या आतली बाजू, मॅगझिनची खोबण, ही पांढरी, म्हणजे उघड्या पोलादाची. शंभर वर्षांत ती करडी होते, कुठं तपकिरी डाग पडतात. माझ्या पिस्तुलाची खोबण तळापर्यंत गर्द काळी होती, बाहेरच्यासारखीच. मॅगझिन काढून टॉर्च मारायला दहा सेकंद लागतात. गन शोच्या टेबलावर ती दहा सेकंदं मी दिली नव्हती. उलट १९४१ च्या बीवायएफची खोबण काळी असेल तर ते बरोबर आहे, तिथं घाबरू नका. म्हणून म्हटलं, आधी साल.

पांढऱ्या जागा आणखी आहेत. डाव्या बाजूला सेफ्टीचा खटका वर-खाली सरकतो तिथं फ्रेमवर एक छोटी सपाट जागा असते आणि तीवर 'गेझिशर्ट', म्हणजे 'सुरक्षित', असं कोरलेलं असतं. युद्धकाळातल्या डीडब्ल्यूएम आणि एरफुर्टवर ही जागा ब्लूइंगनंतर घासून चकचकीत केलेली असते, म्हणजे शब्द अंधारातही उठून दिसावा. ती जागा निळी दिसली की समजायचं, इथून रूट कार्डवर कुणीतरी एक ओळ वाढवलीय. पुन्हा ब्लूइंग करणारे लोक फ्रेम पूर्ण खोलून घासतात आणि हा इंचभर तुकडा विसरतात. हुशार असतात ते तो पुन्हा घासतात, पण मग घासताना अक्षरांच्या कडा बोथट करून ठेवतात.

स्ट्रॉ रंगाचं थोडं सविस्तर सांगतो, कारण हा माझ्या जुन्या धंद्याचा विषय आहे. १९३७ पूर्वीच्या लुगरवर ट्रिगर, सेफ्टीचा खटका, पुढचा खोलायचा लिव्हर आणि मॅगझिन सोडायचं बटण हे भाग निळे नसतात. सुक्या गवताच्या रंगाचे असतात. हा रंग लावलेला नव्हे, तापवून आणलेला. घासलेलं पोलाद २२० अंशांच्या आसपास फिकट पिवळं होतं, २४० ला गडद गवती, २६० जवळ तपकिरी, २८० ला जांभळं आणि ३०० ला निळं. भोसरीत भट्टीशेजारी हा तक्ता भिंतीला टांगलेला असायचा आणि नवा पोरगा आला की त्याला आधी हाच पाठ करायला लावायचो.

मूळ स्ट्रॉ भडक नसतो, एवढं नीट लक्षात ठेवा. तो जुन्या तुपासारखा मंद असतो, आणि जिथं बोट लागतं तिथं, म्हणजे ट्रिगरच्या पोटावर आणि खटक्याच्या खवल्यांवर, उडून करडं पोलाद उघडं पडलेलं असतं. रंगवलेल्या पिस्तुलाचा स्ट्रॉ नवीन पितळेसारखा पिवळाधमक असतो, ट्रिगरच्या पोटावरसुद्धा. असं बघा: शंभर वर्षं ज्या ट्रिगरवर बोट फिरलं, त्याच्या पोटावरच रंग सगळ्यात ताजा कसा? आणखी एक मजा. टाकीत बुडवलेल्या पिस्तुलाचे हे छोटे भागही काळे झालेले असतात. मग कुणीतरी ते घासून पुन्हा तापवतो, पण तापवताना चौघांचा रंग चार तऱ्हेचा येतो. एक पिवळा, एक तपकिरी, एकावर जांभळी झाक. कारखान्यात हे भाग ढिगानं एकत्र तापत, त्यांचा रंग एकमेकांच्या जवळचा असायचा.

आणि १९३७ नंतरच्या माउझरवर हे भाग निळेच असायला हवेत. १९४० च्या लुगरवर सोनेरी ट्रिगर दिसला की लोक "वा!" म्हणतात. मी टेबल सोडून पुढं जातो.

आता कडा आणि शिक्के. यासाठी दहापट भिंग आणि खिडकीतला उजेड पुरतो. दुपारच्या ट्यूबलाइटमध्ये काहीच कळत नाही. पिस्तूल तिरकं धरून उजेडाची रेघ सपाट बाजूवरून हळूहळू सरकवा. मूळ पृष्ठभागावर रेघ सरळ जाते. कापडी बफवर, म्हणजे चकाकी आणायच्या फिरत्या चाकावर, घासलेल्या पृष्ठभागावर ती पाण्यावरच्या लाटेसारखी डुगडुगते. पिनांच्या आणि स्क्रूच्या भोकांभोवती बघा: बफ भोकाच्या तोंडावरून जाताना कड खाली ओढतो, भोक बशीसारखं पसरट होतं. भोसरीत आम्ही याला 'कान पडले' म्हणायचो आणि असा जॉब इन्स्पेक्शनहून सरळ परत यायचा. बाजूच्या सपाट पट्टीच्या, साइड प्लेटच्या कडा बोटाला टोचल्यासारख्या लागायला हव्यात. साबणासारख्या गोल लागल्या तर मागं बफ फिरलाय.

शिक्क्यांचं गणित सोपं आहे. नंबर पंचावर हातोडी पडली की धातू खड्ड्यातून बाजूला सरकतो आणि अक्षराभोवती अगदी बारीक उंचवटा तयार होतो. वर्षानुवर्षं होल्स्टरच्या चामड्यात घासलं जातं ते आधी हेच उंच टोक. म्हणून जुन्या, न छेडलेल्या पिस्तुलावर अंकांभोवती एक फिकट वलय दिसतं. इथं त्याला हेलो म्हणतात. बफ फिरला की पहिला जातो तो हा उंचवटा. मग तुम्ही कितीही सुंदर गंज-ब्लूइंग करा, वलय परत येत नाही. अंक पाण्यात बुडालेल्या गोट्यांसारखे, उथळ, कड नसलेले दिसतात. बॅरल (नळी) आणि रिसीव्हर (नळी जिच्यात बसते ती मागची चौकट) जिथं एकत्र येतात तिथं खालून एक छोटी उभी रेघ असते, दोन्ही भागांवरून एकच, बॅरल बरोबर बसलंय हे दाखवणारी. ती रेघ दोन्ही बाजूंना सारखीच खोल असली पाहिजे. एका बाजूला खोल, दुसरीकडे पुसट असेल तर एकतर बॅरल बदललंय, नाहीतर एकाच भागावर बफ चाललाय. बॅरलच्या खालीच '८,८२' किंवा '८,८३' असा बारीक आकडा सापडेल. तो नळीच्या आतल्या व्यासाचा, मिलिमीटरमध्ये, जर्मन पद्धतीनं दशांशाच्या जागी स्वल्पविराम घालून. पुसट झालेला हा आकडा मला पुन्हा ब्लूइंग झाल्याची सगळ्यात प्रामाणिक खूण वाटतो, कारण बनवेगिरी करणारे तिथं बघतच नाहीत.

नंबर जुळणं हा स्वतंत्र खटला आहे. पूर्ण नंबर फ्रेमच्या पुढं, रिसीव्हरच्या डाव्या बाजूला आणि बॅरलखाली. दहा हजार झाले की पुढं अक्षर लागायचं, 'ए', 'बी', 'सी', आणि दर साली नंबर पुन्हा एकपासून. म्हणून कारखाना, साल, नंबर आणि अक्षर हे चारही मिळून एक ओळख होते. बाकी लहान भागांवर शेवटचे दोनच अंक: साइड प्लेट, ट्रिगर, खोलायचा लिव्हर, सेफ्टी, टॉगलचे दुवे, एक्स्ट्रॅक्टर, लाकडी ग्रिपच्या आतल्या बाजूलाही. मॅगझिनच्या बुडाला पूर्ण नंबर, पण जुळणारं मॅगझिन मिळालं तर लॉटरी समजा.

'जुळवलेले' नंबर पकडायला माझ्याकडे टूलरूमची नाइफ एज पट्टी आहे. जुना अंक घासून नवा ठोकला असेल तर तिथला पृष्ठभाग किंचित खोलगट होतो. पट्टी त्यावर उभी ठेवून मागून उजेड धरा. पट्टीखालून चंद्रकोरीसारखा प्रकाश आला की खेळ संपला. आणि अंकांचा साचा बघा. जर्मन एकला वर लांब शेंडी असते. एका पिस्तुलाच्या साइड प्लेटवर मी इंग्रजी धाटणीचा, नुसत्या काठीसारखा एक पाहिला होता. विकणाऱ्यानं किंमत दोनशे डॉलर कमी केली. मी तरी घेतलं नाही.

खड्डे बघायला विसरू नका. गंजानं खाल्लेल्या खड्ड्याच्या तळाला तपकिरी पूड असेल तर तो खड्डा ब्लूइंगनंतर पडला, साहजिक आहे. खड्ड्याच्या तळापर्यंत सुंदर निळा रंग उतरला असेल तर गंज आधी आणि निळाई नंतर. कारखान्यानं खड्डे पडलेलं पिस्तूल कधी रंगवून लष्कराला दिलं नाही.

झीज कुठं आहे हेही क्रमातच येतं. होल्स्टरमधून काढ-घाल होताना नळीच्या टोकाच्या दोन्ही बाजू, साइड प्लेटची उंच कड, मुठीची पुढची आणि मागची पट्टी इथला रंग आधी जातो. हाताच्या घामानं मुठीच्या पट्ट्या करड्या होतात, कधी जांभळट तपकिरी. झीज नसलेल्या जागी रंग दाट आणि झीज असलेल्या जागी हळूहळू विरत गेलेला, असं दिसायला हवं. टोकावर रंग कडक रेषेत संपत असेल तर कुणीतरी बारीक एमरीनं 'वापर' तयार केलाय. ग्रिप काढून बघा: लाकडाखाली झाकलेल्या धातूवर मूळ निळाई शाबूत असते आणि उघड्या भागाशी तिची सीमा स्पष्ट दिसते. दोन्हीकडे अगदी एकच रंग असेल तर शंका घ्या. फक्त काढताना सांभाळा. डाव्या ग्रिपचा सेफ्टीजवळचा कोपरा फार नाजूक असतो, घाईनं ओढलं की टवका उडतो. बाजारातल्या निम्म्या ग्रिपचा तो उडालेला असतो, त्यातला एक माझ्या हातून. शिवाय ग्रिप धातूशी समतल बसली पाहिजे. लाकूड वर उचललेलं दिसलं तर खालचा धातू घासून पातळ झालाय.

फक्त डागडुजी केलेली पिस्तुलं या सगळ्यातून निसटतात. कुणी आख्खं पिस्तूल न घासता, उघड्या पडलेल्या जागी बाटलीतलं थंड ब्लूइंग कापसानं लावतो. ते ओळखायला नाक लागतं. अंगठा त्या जागी दहा-पंधरा वेळा घासा, कोमट झाला की वास घ्या. लसणासारखा, गंधकासारखा वास आला तर सेलेनियमचं रसायन आहे. गन शोमध्ये पिस्तुलाला अंगठा घासून हुंगणारा माणूस वेडा दिसतो हे खरं, पण मी हुंगायला लागलो की काही दुकानदार आपोआप बोलायचे थांबतात.

आता एक गुंता. प्रत्येक पुन्हा केलेलं फिनिश वाईट नसतं. काही चेंबरवर दोन सालं दिसतात, '१९१७' आणि त्यावर '१९२०'. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत हत्यारं जमा करायचे आदेश निघाले तेव्हा सरकारी मालकीची हत्यारं ओळखू यावीत म्हणून १९२० हा शिक्का मारला गेला. इथं पुन्हा रूट कार्ड वाचा. तो शिक्का आधीच निळ्या असलेल्या पिस्तुलावर पडला. म्हणून मूळ निळाई टिकली असेल तर १९२० च्या अंकांत निळाई फाटून पोलाद उघडं पडलेलं असतं, आणि १९१७ चे अंक तसे नसतात. दोन्ही सालं एकाच गर्द निळ्यात बुडालेली असतील तर रंग १९२० नंतरचा आहे. तो सरकारी शस्त्रागारातला असेल तर हरकत नाही, त्या पिस्तुलाच्या आयुष्याचाच तो भाग. शस्त्रागारातलं काम सहसा ओळखू येतं: अक्षरांच्या कडा जपलेल्या, गेझिशर्टची जागा पांढरी, रंगही गंजाचाच.

दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत सैन्यानं जप्त केलेल्या लुगरांची गोष्ट वेगळी. ती नंतर ढिगानं खोलून क्षाराच्या टाकीत बुडवली गेली आणि हाती येईल तसे भाग जोडले गेले. स्ट्रॉ गेलेला, नंबर भलतेच. पूर्व जर्मनीच्या पोलिसांसाठी दुरुस्त केलेल्यांवर कधी मध्यभागी चक्र असलेल्या प्लास्टिकच्या ग्रिप मिळतात. ती ऐतिहासिक आहेत, स्वस्त आहेत, आणि 'रशियन कॅप्चर' म्हणून प्रामाणिकपणे विकली तर घ्यायला माझा विरोध नाही. मात्र 'आर्सेनल रिफिनिश', म्हणजे शस्त्रागारात पुन्हा रंगवलेलं, हे दोन शब्द ऐकले की मी विचारतो, कोणत्या देशाचं आर्सेनल, कोणत्या साली, आणि शिक्का कुठंय? बहुतेक वेळा उत्तर ओहायोतलं एखादं गॅरेज असतं.

'ब्लॅक विडो' हाही तसाच शब्द. शेवटच्या काळातल्या बीवायएफवर काळ्या प्लास्टिकच्या ग्रिप आणि काळ्या बुडाचं मॅगझिन असतं. तसलं पिस्तूल विकायला पुढं अमेरिकेत हे नाव दिलं गेलं. जर्मन लष्कराला असली विधवा ठाऊक नव्हती. त्या नावाचे जादा पैसे देऊ नका.

पिस्तूल अस्सल निघालं, पण बघायला कुरूप, तपकिरी, डागाळलेलं. मग लोकांचे हात शिवशिवतात. माझ्या आजीकडे तांब्याची एक मोठी घागर होती, वर नक्षी होती म्हणे. घरच्या सुनांनी साठ वर्षं दर सणाला ती चिंचेनं आणि राखेनं घासली. मला आठवते ती घागर आरशासारखी लख्ख आणि पूर्ण गुळगुळीत. त्याच हौसेनं इथं १९५०-६० च्या दशकांत घरी आलेल्या सैनिकांच्या पिस्तुलांना निकेलचा मुलामा दिला गेला, नाहीतर नवं ब्लूइंग. आज अशा लुगरची किंमत तशाच न छेडलेल्याच्या साधारण निम्मी येते.

तेव्हा काय करायचं? जवळपास काहीच नाही. पातळ तेलाचा एक थेंब, मऊ सुती कापड, आणि वरवरचा लाल गंज असेल तर तेलात भिजवलेला पितळी भांड्यांचा मऊ ब्रश, तोही फक्त गंजावर, निळाईवर नाही. लोखंडी काथ्या, टूथपेस्ट, ब्रासोची बाटली घरात असेल तर या खोलीत आणू नका. ग्रिपच्या खवल्यांत मळ असेल तर कोरडा टूथब्रश. लाकडाला तेल पाजू नका, ते काळं पडतं आणि फुगतं. शेवटी सूक्ष्म मेणाचा पातळ थर, वस्तुसंग्रहालयं वापरतात तसला. आणि पिस्तूल कधीही जुन्या चामडी होल्स्टरमध्ये ठेवायचं नाही. होल्स्टर खरं असलं तर जास्तच नाही. कमावलेल्या चामड्यात आम्ल आणि ओल टिकून राहते; एका पावसाळी उन्हाळ्यात ते इतकं खाईल जितकं खंदकात खाल्लं गेलं नसेल. दोन्ही शेजारी ठेवा, एकात एक नको.

पुन्हा फिनिश करायला हरकत नाही असं मला फक्त एकाच बाबतीत वाटतं: आधीच निकेल झालेलं, नंबर न जुळणारं, खड्डे पडलेलं पिस्तूल. ते कुणी चांगल्या हाताच्या माणसाकडून जुन्या गंज-पद्धतीनं करून घेतलं तर बघायला छान दिसतं. पण मग ते लपवायचं नाही.

माझं १९१६ चं मी विकलं नाही. विकायचं तर खरं सांगून निम्म्या भावात, किंवा दुसऱ्या कुणाला मला विकलं तसं. दोन्ही जमेना. ते आता शिकवायच्या कामी येतं. कुणी फोटो पाठवून विचारलं की मी म्हणतो, रविवारी घरी या, आधी हे हातात घ्या. माझ्याकडच्या प्रत्येक पिस्तुलाबरोबर पेटीत एक जाड कार्ड असतं, भोसरीच्या रूट कार्डासारखं आखलेलं: कारखाना, साल, नंबर, कोणते भाग जुळतात, फिनिश कोणतं, कुठून घेतलं, किती दिले. मुलीला यातलं काही कळत नाही आणि कळून घ्यायची इच्छाही नाही, पण माझ्या माघारी पेटी तीच उघडणार. १९१६ च्या कार्डावर फिनिशच्या रकान्यात लिहिलंय: "क्षाराची टाकी, कधी ते माहीत नाही. बाबा २००९ मध्ये फसले. हे मूळ फिनिश म्हणून विकू नकोस."